कुत्रा घ्यायचाय, पण जात कोणती: शिह त्झू की पॉमेरेनियन?

फोटो बघून ठरवू नका, पहिली चूक तिथेच होते. मीही केली होती.

पॉमेरेनियन जेमतेम २-३ किलोचा, पण आवाज घरभर. बेल वाजली की भुंकणारच. हाडं नाजूक, सोफ्यावरून उडी मारली तरी पाय मोडू शकतो. घरात लहान मुलं असतील तर शिह त्झू बरा. तो ४ ते ७ किलोचा आणि शांत. मात्र केस सतत वाढतात, रोज विंचरावे लागतात. चपट्या नाकामुळे उकाडाही सोसत नाही.

दोघांसाठी:
- ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आणू नका.
- गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा).
- पिल्लाची आई बघायला मागा. टाळाटाळ झाली तर सरळ परत फिरा.

बाकी लसी, खाणं वगैरे पिल्लू आल्यावर बोलू.