‘अलाती’ जळत नाहीये

अगं, तुझा मेल रात्रीच वाचला, पण मोबाइलवर एवढं टाइप करणं मला झेपत नाही म्हणून आज लॅपटॉप घेऊन बसलेय.

तू लिहिलंयस की त्या लुवियन गाण्यातलं (लुवियन म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली प्राचीन भाषा, हित्तीची बहीण, दोघी संस्कृतच्या लांबच्या नात्यातल्या) ‘अलाती’ म्हणजे आपल्या संस्कृतातलं अलात, अलातचक्रातलं, जळतं लाकूड, आणि म्हणून "जळत्या विलुसाहून ते आले तेव्हा". वाचून हसू आलं आणि खरं सांगू, मोह मलाही झाला, कारण विलुसा म्हणजे ट्रॉय आणि ट्रॉय जळालं हे ग्रीकांच्या गोष्टींमुळे आपल्या डोक्यात आधीच बसलंय, मग ते फिट्ट वाटणारच ना.

आता ओळ परत बघ. अह्हा-ता-ता अलाती आवियेन्ता विलुसाती. हित्तींच्या राजधानीत, हत्तुशात, सापडलेल्या मातीच्या पाटीवर हित्ती भाषेत इस्तानुवा या गावाचे विधी लिहिताना मध्येच हे लुवियन गाणं येतं, तेही बहुतेक सुरुवातीची ओळच, म्हणजे आपण कागदावर नुसतं "सुखकर्ता..." लिहून सोडतो ना, पुढचं सगळ्यांना पाठ असतं म्हणून, तसंच काहीसं. म्हणजे पुढचा संदर्भ मिळणार नाही, हे धरूनच चालायचं.

विलुसा-ती मध्ये -ती हा प्रत्यय आहे, आपलं ‘हून’ आणि ‘ने’ दोन्ही तोच करतो. मग अला-ती मध्येही तोच ना? म्हणजे मूळ शब्द ‘अला’, आणि तू ज्या ‘त’वर अख्खं घर बांधलंस तो शब्दाचा नाहीच, प्रत्ययाचा आहे!! अलातमधला ‘त’ मात्र शब्दातलाच. आधी प्रत्यय कापायचा, मग कोश उघडायचा.

संस्कृत वापरूच नको असं नाही म्हणत मी. लुवियन हावि म्हणजे मेंढी, आपलं अवि. हित्ती हस्ताई म्हणजे हाड, आपलं अस्थि. ही जुळणी टिकते कारण तिथला ‘ह’ आपल्याकडे पुन्हा पुन्हा तसाच गळलेला दिसतो, नुसता कानाला सारखा वाटतो म्हणून नाही.

बरं, प्रत्यय सारखे म्हणून ‘अला’ विलुसाचं विशेषण असेल, संस्कृतात उच्चात् पर्वतात् म्हणतो तसं. भाषाशास्त्रज्ञ कॅल्व्हर्ट वॉटकिन्सनी 1980च्या दशकात तसंच धरून "उंच, कड्यावरच्या विलुसाहून" असं वाचलं, ग्रीक कवी होमरही इलिऑसला, म्हणजे ट्रॉयलाच, तसंच विशेषण लावतो. पण दोन नामं शेजारी असली तरी प्रत्यय सारखेच येतील, आणि काहींनी "समुद्राहून, विलुसाहून" असंही वाचलंय. व्याकरण दोन्हीला हो म्हणतं. मला वॉटकिन्सचं आवडतं, पण त्यातही होमर आधीच डोक्यात होता हे विसरू नकोस, तुझ्या आगीसारखाच.

तर मेल्चर्टचा 1993चा लुवियन कोश काढ, अला- कुठे कुठे येतं त्याचा तक्ता कर, शेजारचे शब्द लिही, पाटी कुठे फुटलीये तेही लिही, आणि अर्थाचा कॉलम रिकामा ठेवून रविवारपर्यंत पाठव.