पाण्याचा ठसका आणि हरवलेले शब्द

प्रश्न : बाबांना (वय 68) तीन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. पोळी-भाजी जाते, पण पाणी, चहा घेताना ठसका लागतो. ‘चमचा’ म्हणायचं असतं, तोंडून ‘चप्पल’ येतं. स्पीच थेरपी तर लहान मुलांसाठी असते ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, नाही. मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि माझे निम्मे पेशंट साठीच्या पुढचे आहेत. बोलण्यासोबत गिळण्याचा त्रासही आम्हीच बघतो. आधी ठसक्याचं बघा. पाणी घशातून वेगानं उतरतं. गिळण्याचे स्नायू मंदावले की श्वासनलिका वेळेत बंद होत नाही आणि पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. काहींना तर ठसकाही लागत नाही. पाणी प्यायल्यावर बाबांचा आवाज ओलसर, घरघरता होतो का, ऐका. आडवं ठेवून काही भरवू नका. ताठ बसवा, घोट लहान द्या, जेवणानंतर अर्धा तास बसूनच राहू द्या. हनुवटी खाली घेऊन गिळायचं की पावडर घालून पाणी दाटसर करायचं, हे तपासणीनंतरच ठरतं. परस्पर करू नका.

शब्दांची चूक म्हणजे वाचाघात, झटक्यामुळे भाषेवर झालेला परिणाम. बाबांची बुद्धी गेलेली नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. माझ्याकडच्या एका आजोबांना स्वतःचं नाव सांगता येईना, पण ‘सुखकर्ता दुखहर्ता’ सुरू केली की अख्खं कडवं म्हणायचे! पाठ झालेलं, सुरातलं बोलणं अनेकदा शाबूत राहतं. आम्ही तिथूनच सुरुवात करतो.

थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, तेवढं विचारा. आणि याच आठवड्यात जा.