सलाईनमधलं व्हिटॅमिन, काढे आणि गर्भाशयाचा कॅन्सर

वाचकांच्या प्रश्नांना स्त्री-कर्करोग विभागातले डॉक्टर आणि औषधतज्ज्ञ उत्तर देतात.

प्रश्न : आई ६१ वर्षांची. पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं. बायोप्सीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला, ग्रेड १ (संथ वाढणारा). एमआरआयप्रमाणे तो पिशवीच्या बाहेर गेलेला नाही. ऑपरेशन तीन आठवड्यांवर आहे. नातेवाइकांनी एक वेलनेस सेंटर सुचवलंय. तिथे आठवड्यातून दोनदा सलाईनमधून ५० ग्रॅम व्हिटॅमिन सी देतात, एकूण दहा वेळा. ऑपरेशन पुढे ढकलून आधी हे करून बघावं का? आईला मधुमेह आहे, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.६ आहे. – दादर

ऑपरेशन पुढे ढकलू नका. पिशवीपुरता असलेला कॅन्सर वेळेत काढला, तर दहातल्या नऊ बायका पाच वर्षांनंतरही हयात असतात. पुष्कळ जणींना नंतर केमोची गरजही पडत नाही. दहा सलाईन म्हणजे पाच आठवडे, आणि ते या टप्प्यावरचे पाच आठवडे.

आता ५० ग्रॅमचा हिशेब. केमिस्टकडे चघळायची ५०० मिलिग्रॅमची गोळी मिळते. तशा शंभर गोळ्या एका बैठकीत. तोंडाने इतकं घेतलं तर आतडं ठरावीक प्रमाणापुढे शोषत नाही, जुलाब होतात. शिरेतून दिलं की ही अडवणूक टळते आणि रक्तातली पातळी कित्येक पट चढते. प्रयोगशाळेतल्या बशीत एवढ्या पातळीला पेशींभोवती हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि कॅन्सरच्या पेशी मरतात. सेंटरवाले सांगतात ते इथपर्यंत खरं आहे.

माणसांवरचा इतिहास मात्र गुळमुळीत आहे. १९७६ साली रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सर्जन इवन कॅमेरॉन यांनी व्हिटॅमिन सीने कॅन्सरचे रुग्ण जास्त जगतात, असे मोठे दावे केले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये रोज १० ग्रॅम तोंडाने देऊन नीट तपासलं, फायदा दिसला नाही. 'तोंडाने दिलं म्हणून' हा समर्थकांचा आक्षेप अगदीच गैर नव्हता. म्हणून पुढे शिरेतून देऊनही बघितलं गेलं. चीनमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ४४२ रुग्णांवरच्या अभ्यासात (२०२२) केमोसोबत व्हिटॅमिन सी दिल्याने आजार आटोक्यात राहण्याचा काळ एकंदरीत वाढला नाही. अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये २०२४ साली फायदा दिसला, पण रुग्ण होते ३४, आणि त्यांनाही केमोसोबतच दिलं होतं, केमोऐवजी नाही. गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी असा मोठा अभ्यास झालेलाच नाही.

आणि तुमच्या आईंच्या बाबतीत हे नुसतं निरुपयोगी नाही, धोक्याचं आहे.

पहिली गोष्ट किडनी. व्हिटॅमिन सीचं शरीरात ऑक्झलेट होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात बसतात. क्रिएटिनिन आधीच १.६ असताना हा जुगार खेळू नये. दुसरी, जी-६-पीडी. हे एन्झाइम कमी असेल तर मोठ्या डोसने लाल पेशी फुटतात आणि लघवी कोकमच्या आगळासारखी गडद होते. ही रक्ततपासणी न करता जे सेंटर सुई लावतं, तिथून उठून यावं. तिसरी म्हणजे मीठ. हे औषध सहसा सोडियमच्या क्षाराच्या रूपात दिलं जातं. ५० ग्रॅममागे जवळपास साडेसहा ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे तीन लहान चमचे मिठाएवढं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्या बाईचे पाय सुजायला तेवढं पुरतं.

चौथी गोष्ट सेंटरवाले जवळजवळ कधीच सांगत नाहीत. घरच्या ग्लुकोमीटरची पट्टी साखरेपासून सुटणारे इलेक्ट्रॉन मोजते. व्हिटॅमिन सीसुद्धा इलेक्ट्रॉन देतं, आणि मशीनला दोन्ही सारखेच. त्यामुळे साखर ११० असताना पडद्यावर ३०० च्या वरचा आकडा येऊ शकतो. घरचे घाबरून इन्सुलिन वाढवतात आणि रात्री साखर धोकादायक खाली जाते. कोणाला अशी सलाईन आधीच लागली असेल, तर त्यानंतर काही तास बोटाच्या आकड्यावर इन्सुलिन घेऊ नये. किडनी अधू असेल तर जास्तच वेळ थांबावं. साखर लॅबमध्ये हेक्झोकायनेज पद्धतीने तपासून घ्यावी. 'पद्धत कोणती' हे विचारावंच लागतं, कारण काही लॅबमधल्या दुसऱ्या पद्धतीत नेमकं उलट होऊन साखर खोटी कमी दिसते.

हातातले तीन आठवडे साखर आणि बीपी ताळ्यावर आणण्यात आणि रोज अर्धा तास चालण्यात घालवा. तेवढ्याने भूल आणि जखम दोन्ही सोपी जातात.

प्रश्न : माझी कार्बोप्लाटिन–पॅक्लिटॅक्सेलची केमो चालू आहे, दर तीन आठवड्यांनी. सासूबाई गुळवेलीचा काढा देतात. मी स्वतः हळदीच्या कॅप्सूल घेते आणि लक्ष्मणफळाच्या पानांचा चहा पिते. डॉक्टरांना सांगितलं तर ओरडतील. – भांडुप

ओरडले तरी सांगा. आमटीतली हळद बिनधास्त खा, हरकत फक्त कॅप्सूलला आहे. तिच्यात कर्क्युमिनचा अर्क असतो आणि तो शोषला जावा म्हणून बहुतेक कंपन्या मिऱ्यातलं पायपरिन घालतात. पायपरिन यकृतातली औषध मोडणारी एन्झाइम मंदावतं. पॅक्लिटॅक्सेलही यकृतातच मोडतं. औषध अंगात जास्त रेंगाळलं, तर पांढऱ्या पेशी घसरणं आणि हातापायांना मुंग्या येणं वाढू शकतं. ऑपरेशन असेल तर दोन आठवडे आधी या कॅप्सूल बंद, कारण रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो.

गुळवेल निरुपद्रवी समजली जाते. पण कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर कावीळ झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केली. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटावी तसं त्या आजाराचं रूप होतं. केमोच्या आधी एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) वाढलेलं निघालं की डोस पुढे जातो, आणि डॉक्टर बिचारे कारण केमोत शोधत बसतात. लक्ष्मणफळात अ‍ॅनोनासिन नावाचं द्रव्य असतं. ग्वादलूप बेटावर ही फळं आणि पानांचा चहा वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये पार्किन्सनसारख्या आजाराशी त्याचा संबंध दिसला. पॅक्लिटॅक्सेल स्वतःच नसांना त्रास देतं, त्यात ही भर नको.

पुढच्या ओपीडीला सगळ्या बाटल्या, पुड्या, डबे एका पिशवीत भरून न्या आणि टेबलावर मांडा. नुसतं 'आयुर्वेदिक घेते' म्हटल्याने काही कळत नाही, लेबल दिसावं लागतं. त्यात भस्म असेल तर ते आधी दाखवा, कारण काही रसौषधींमध्ये (धातू-भस्मांच्या औषधांमध्ये) शिसं, पारा, आर्सेनिक सापडलेलं आहे. सासूबाईंना काहीतरी हातानं करून द्यायचंच असेल तर आल्याचा चहा द्यायला सांगा. मळमळीला थोडा उतार पडतो. उलटीची गोळी मात्र चुकवू नका.

प्रश्न : काकूंचं हिमोग्लोबिन ७.८ आहे, वजन ५५ किलो. ऑपरेशनआधी लोहाची सलाईन सांगितली आहे. हेही त्याच पंथातलं का? – गिरगाव

नाही. इथे कमतरता मोजलेली असते आणि डोसही हिशेबाने ठरतो : वजन × (१५ वजा हिमोग्लोबिन) × २.४, अधिक साठ्यासाठी ५००. काकूंना सुमारे १४५० मिलिग्रॅम लोह लागेल. आयर्न सुक्रोज एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅम देतात, म्हणजे सात खेपा. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी १००० पर्यंत देता येतं, म्हणजे आठवड्याच्या अंतराने दोनच खेपा. ते फक्त नॉर्मल सलाईनमध्ये मिसळतात आणि १००० मिलिग्रॅमला किमान १५ मिनिटं देतात. त्यानंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. सुई शिरेबाहेर गेली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने जात नाही, म्हणून जळजळलं की लगेच सिस्टरना हाक मारा. हिमोग्लोबिन चढायला दोन-तीन आठवडे लागतात. ऑपरेशन चार दिवसांवर असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर रक्तच चढवावं लागेल.

प्रश्न : 'व्हिटॅमिन बी १७' साठी जर्दाळूच्या बिया खाव्यात का? – बोरिवली

नाही. ते व्हिटॅमिनच नाही, नाव विक्रीसाठी दिलेलं आहे. आत अमिग्डॅलिन असतं आणि पोटात त्यातून सायनाइड सुटतं. १९८२ मध्ये १७८ रुग्णांवर तपासलं, कॅन्सर हटला नाही आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीकडे गेलं. सोबत व्हिटॅमिन सीचे मोठे डोस घेतले तर धोका वाढतो. मशीद बंदरच्या सुक्या मेव्यातल्या जर्दाळूच्या आठळीत गोड गिरी असते, ती वेगळी. कडू गिरीपासून लांब राहा.

प्रश्न : मी ३१ वर्षांची, मूल नाही. ग्रेड १ कॅन्सर सांगितलाय. एक निसर्गोपचारवाले पिशवी न काढता बरं करतो म्हणतात. – कुर्ला

पिशवी काही काळ वाचवायचा मार्ग आहे, पण तो उपासाचा किंवा मातीच्या पट्टीचा नव्हे. ग्रेड १ असेल आणि एमआरआयमध्ये कॅन्सर स्नायूच्या थरात शिरलेला नसेल, तर प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन देतात : मेजेस्ट्रॉल रोज १६० मिलिग्रॅम किंवा हार्मोनची तांबी, कधी दोन्ही. दर तीन ते सहा महिन्यांनी दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा तपासावाच लागतो. बऱ्याच जणींचं अस्तर स्वच्छ होतं, पण पुन्हा उलटणाऱ्याही कमी नाहीत. म्हणून मूल झाल्यावर पिशवी काढायचा सल्ला देतात. मेजेस्ट्रॉलने भूक आणि वजन वाढतं, पायात गुठळी होऊ शकते. पोटरी एकाच बाजूला सुजून दुखली तर त्याच दिवशी दाखवा. वजन जास्त असेल तर ते उतरवणं हा इथे उपचाराचाच भाग आहे, कारण चरबीत इस्ट्रोजेन तयार होतं आणि तेच या कॅन्सरला खतपाणी घालतं. 'नैसर्गिक हार्मोन'च्या नावाखाली आयसोफ्लेवोनच्या (सोयाबीनमधल्या इस्ट्रोजेनसारख्या द्रव्याच्या) गोळ्या कोणी दिल्या तर घेऊ नका. रोज १५० मिलिग्रॅम पाच वर्षं घेणाऱ्या काही बायकांचं अस्तर जाड झाल्याचं एका अभ्यासात दिसलं आहे. जेवणातल्या सोयाबीनची भीती बाळगायचं कारण नाही.

प्रश्न : लोकलच्या डब्यात 'कॅन्सर शंभर टक्के बरा' असं पत्रक चिकटवलेलं असतं. हे चालतं का? – घाटकोपर

चालत नाही. औषधं व जादूई उपाय कायदा, १९५४ च्या यादीत कॅन्सर आहे. तो बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात हा गुन्हा आहे, पॅथी कोणतीही असो. पत्रकाचा फोटो काढा. पैसे भरले असतील तर पावती आणि रिकामी बाटली जपून ठेवा, बाटलीवर बॅच नंबर असतो. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करायची, वांद्रे-कुर्ला संकुलात त्यांचं कार्यालय आहे. पावती देत नसतील तर पैसे ऑनलाइन भरल्याचा स्क्रीनशॉटही जोडा.