बांधकामाच्या साइटवर नवीन आहेस? मग हे आधी सुरू कर

अरे, लेसन्स लर्न्ड, म्हणजे कामातून काय शिकलो त्याची नोंद, प्रोजेक्ट संपल्यावर लिहू असं सगळेच म्हणतात आणि तोपर्यंत निम्मी टीम दुसऱ्या साइटवर गेलेली असते, मग कोणाला काय आठवणार. म्हणून प्रत्येक टप्पा संपला की लगेच अर्धा तास बसा, फाउंडेशन झालं की फाउंडेशनचं, स्लॅब झाला की स्लॅबचं. अमेरिकन सैन्याच्या आफ्टर ॲक्शन रिव्ह्यूमधले (मोहीम किंवा सराव झाल्यावरचा आढावा) प्रश्न इथेही मस्त चालतात, काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढे काय बदलायचं. आणि फोरमन, बार बेंडर (सळ्या वाकवणारे), शटरिंगवाले (काँक्रीटचे साचे लावणारे) यांना बोलव हं, खरी माहिती त्यांच्याकडेच असते, ती कागदावर कधी येतच नाही.

लिहिताना "समन्वय हवा" असलं मोघम नको. "स्लीव्हची (पाइप जायला स्लॅबमध्ये ठेवायच्या नळीची) जागा प्लंबिंगच्या ड्रॉइंगशी न जुळवता स्लॅब टाकला, नंतर कोअर कटिंग (तयार काँक्रीटमध्ये मशीनने भोक पाडणं) करावं लागलं, पुढच्या वेळी पोअर कार्डवर (काँक्रीट ओतण्याआधीच्या मंजुरीच्या फॉर्मवर) प्लंबिंगवाल्यांचीही सही घ्यायची" असं लिही.

चूक कोणाची हे मात्र त्या मीटिंगमध्ये काढू नकोस, माणसं एकदा घाबरली की पुढचं सगळं लपवतात. आणि निघालेला मुद्दा सरळ चेकलिस्टमध्ये टाक, वेगळी फाइल कोणी उघडत नाही.