‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाच्या नावाचा अर्थ काय?

हे नाव नव्हे, तात्पुरती ओळख आहे. २०२४ हे शोधाचं वर्ष. पहिलं अक्षर पंधरवड्याचं: ए म्हणजे १ ते १५ जानेवारी, बी म्हणजे १६ ते ३१ जानेवारी. आय गाळतात (इंग्रजी 1 सारखा दिसतो ना!), झेडची गरजच पडत नाही. म्हणून वाय म्हणजे १६ ते ३१ डिसेंबर. हा सापडला २७ डिसेंबरला.

दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला क्रम सांगतं. आय सोडून २५ अक्षरं, त्यात आर सतरावं. शेवटचा ४ म्हणजे ‘चौथा’ नव्हे, तिथेच बहुतेक जण फसतात. २५ च्या चार फेऱ्या पूर्ण झाल्या. ४ × २५ + १७ = ११७ वा. उत्तर १२२ आलं, तर तुम्ही आय मोजलाय.

कायमचा क्रमांक कक्षा पक्की झाल्यावर, नाव त्यानंतर.