वर्गातली ग्रामसभा

प्रश्न : मी नववीला राज्यशास्त्र शिकवते. वर्गात ग्रामसभा घेतली, पण दोन-चार मुलेच बोलली, बाकीची हसत बसली. काय चुकले असेल?

उत्तर : बहुधा विषय. ‘स्वच्छतेचे महत्त्व’ यावर ठराव होत नाही, भाषण होते. ‘शाळेसमोरचे गटार बंदिस्त करावे’ असा खर्च आणि विरोध दोन्ही असलेला प्रश्न घ्या. सात दिवस आधी फळ्यावर नोटीस लावा. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक आणून गटागटाने वाचू द्या. आकडा हाताशी असला की बुजरे मूलही बोलते. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) या भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर नेहमीची हुशार मुलेच खुर्च्या अडवतात.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मुलांनाच मोजायला लावा. महाराष्ट्रात एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती लागते. एकदा मुद्दाम गणपूर्तीअभावी सभा तहकूब होऊ द्या (पुस्तकातून हे कधीच नीट पोचत नाही). ठराव सूचक-अनुमोदकांच्या नावांसह इतिवृत्तात उतरवा.

मग मुलांना खऱ्या ग्रामसभेला न्या. १८ वर्षांखालच्यांना तिथे मत नाही, पण मागच्या ठरावांपैकी कोणते अमलात आले, एवढे वहीत टिपता येते.