देवगड हापूसच्या ऑनलाइन दुकानासाठी मॅनेज्ड क्लाउड होस्टिंग घ्यावं की अनमॅनेज्ड?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: दुकान वूकॉमर्सवर (वर्डप्रेस साइटला दुकान जोडणारं प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम) आहे, विक्री मुख्यतः मार्च ते मे, घरात सर्व्हरमधलं कळणारं कोणी नाही आणि ओळखीतला एक मुलगा म्हणतोय की साधा क्लाउड सर्व्हर निम्म्या पैशात पडेल. त्याचं म्हणणं खोटं नाही. तरीही तुम्ही मॅनेज्डच घ्या, म्हणजे सर्व्हरची देखभाल कंपनी करते ते; अनमॅनेज्डमध्ये ती आपली आपण करायची. लहान दुकानांचे सर्व्हर सांभाळणं हाच माझा धंदा आहे, म्हणजे लोकांनी अनमॅनेज्ड घेतलं तर फायदा माझाच. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

दोन्हींत यंत्र बहुतेकदा तेच असतं. क्लाउडवेज या मॅनेज्ड होस्टिंग कंपनीचंच बघा. तिथला सर्व्हर मुळात डिजिटलओशन किंवा एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉन) अशा सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचा असतो आणि त्यावर क्लाउडवेज आपली व्यवस्था बसवते. २०२२ मध्ये तर डिजिटलओशननेच ती कंपनी विकत घेतली. तेव्हा जास्तीचे पैसे वेगाचे नसतात, देखभालीचे असतात.

अनमॅनेज्डमध्ये हातात येतो तो रिकामा उबुंटू, म्हणजे नुसती लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम. त्यावर एनजिनएक्स (पानं पाठवणारा वेब सर्व्हर), पीएचपी (वर्डप्रेस जिच्यावर चालतं ती भाषा), डेटाबेस, फायरवॉल बसवणं हे एका संध्याकाळचं काम, तो मुलगा यूट्यूब बघून करेलही. खरी कटकट नंतरची. साइट सुरक्षित असल्याचं ब्राउझरला पटवणारं लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. त्याचं नूतनीकरण कुठे अडकलं की ब्राउझर ग्राहकाला साइट असुरक्षित असल्याचं सांगून परत पाठवतो. पीएचपी ८.१ च्या सुरक्षा दुरुस्त्या २०२५ अखेर थांबल्या, पुढच्या आवृत्तीवर कोणीतरी न्यायला हवं. १ जीबी रॅमवर गर्दी झाली की मेमरी संपते, मग लिनक्स जास्त मेमरी खाणारा प्रोग्राम बंद पाडतो आणि तो बहुधा डेटाबेसच निघतो. पुन्हा सुरू करायला दोन मिनिटं पुरतात, फक्त तो मुलगा त्या वेळी कुणाच्या तरी हळदीला गेलेला नसावा. एप्रिल-मे हा लग्नांचाही हंगाम आहे.

तुमच्या धंद्यात मला जास्त काळजी वाटते ती पैसे आणि ऑर्डर यांच्यातल्या दुव्याची. यूपीआयने पैसे देताना ग्राहक दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो आणि पुष्कळदा साइटवर परत येतच नाही. पैसे मिळाल्याचं दुकानाला कळतं ते वेबहुकमुळे, म्हणजे पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) तुमच्या सर्व्हरला परस्पर निरोप धाडतो म्हणून. नेमका तेव्हा सर्व्हर बंद असला तर पैसे कापले गेलेत आणि ऑर्डर मात्र ‘पेंडिंग’. गेटवे काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो, पण वूकॉमर्स मूळ सेटिंगप्रमाणे अशा ऑर्डरचा माल ६० मिनिटंच राखून ठेवतं. नंतर ऑर्डर रद्द आणि पेटी दुसऱ्याला विकायला मोकळी. पेट्या मोजक्या असताना एकच पेटी दोघांना विकली गेली की फोनवर काय ऐकावं लागतं ते तुम्हाला सांगायला नको.

बॅकअपचंही तसंच. ‘रोज बॅकअप’ हे ब्लॉगला पुरतं, दुकानाला पुरत नाही. समजा बॅकअप रात्री २ ला झाला आणि दुपारी ४ ला एका प्लगइनच्या अपडेटने साइट मोडली. सपोर्टवाल्याने तत्परतेने रात्रीचा बॅकअप चढवला की साइट सुरू, पण मधल्या १४ तासांच्या ऑर्डरी डेटाबेसमधून गेल्या. पैसे गेटवेकडे जमा आणि तुम्ही ईमेल उघडून एकेक पत्ता वहीत उतरवताय. एका मसाल्याच्या दुकानात हे मी पाहिलंय, आणि ते होस्टिंग मॅनेज्ड होतं. स्टेजिंगवरचा (साइटच्या चाचणीसाठीच्या प्रतीवरचा) बदल लाइव्हवर ढकलताना डेटाबेससकट ढकलला तरी हेच होतं. म्हणून पैसे भरण्यापूर्वी विचारा: फाइली आणि डेटाबेस वेगवेगळे परत आणता येतात का? डेटाबेसचा बॅकअप दर तासाला घेता येतो का? यावर गोलमोल उत्तर आलं तर ती कंपनी सोडा.

सपोर्टची हद्द सर्व्हरपाशी संपते हेही आधीच माहीत असू द्या. कुरिअरच्या प्लगइनमुळे चेकआउट अडकलं तर ‘हा अ‍ॅप्लिकेशनचा प्रश्न आहे’ असं उत्तर येईल. वर्डप्रेस कळणारा माणूस दोन्हीकडे लागतोच. त्या मुलाला ते काम द्या, आणि फुकटात नको.

महिन्याला इतके लाख व्हिजिटर वगैरे जाहिरातींकडे बघू नका. आंब्याचे फोटो असलेली पानं कॅशेमधून (आधीच तयार ठेवलेल्या प्रतीतून) जातात, त्यांचा भार नगण्य. कार्ट आणि चेकआउट प्रत्येकाचं वेगळं, ते कॅशे करता येत नाही, तिथली प्रत्येक टिचकी पीएचपी आणि डेटाबेसपर्यंत जाते. एकाच वेळी किती पीएचपी वर्कर (एका वेळी एकेक विनंती हाताळणारे प्रोग्राम) चालतील हे विचारा. सर्व्हर मुंबईत किंवा बेंगळुरूत घ्या.

पैशांचं म्हणाल तर डिजिटलओशनवर २ जीबीचा साधा, म्हणजे अनमॅनेज्ड, सर्व्हर महिना १२ डॉलरच्या आसपास आहे, साप्ताहिक बॅकअपचे २० टक्के वेगळे, वर १८ टक्के जीएसटी. ताज्या आंब्यावर जीएसटी नसल्यामुळे फक्त आंबाच विकत असाल तर त्याची वजावट मिळत नाही. क्लाउड म्हणजे सर्व्हर गर्दीप्रमाणे आपोआप वाढेल असंही नाही. तो आपण वाढवायचा, आणि त्यासाठी काही मिनिटं साइट बंद ठेवावी लागते. असा साधा सर्व्हर घेतलाच तर फेब्रुवारीत फक्त रॅम आणि प्रोसेसर वाढवा, डिस्क नको, कारण डिजिटलओशनवर वाढवलेली डिस्क पुन्हा लहान होत नाही. जूनमध्ये खाली आणा. नुसता बंद करून ठेवलात तरी बिल चालूच राहतं.

ऑर्डरच्या ईमेलसाठी मात्र दोन्हीकडे वेगळी सेवा घ्यावी लागेल, कारण डिजिटलओशनच्या सर्व्हरवर मेल पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट (सर्व्हरची मेलसाठीची वाट) मुळातच बंद असतं. ती लावून झाली की बुकिंग उघडण्याआधी एक रुपयाचं उत्पादन टाका, स्वतःच यूपीआयने पैसे भरा आणि पैसे जाताच साइटवर परत न येता ब्राउझरमधलं पान बंद करा. थोड्या वेळात ऑर्डर ‘प्रोसेसिंग’वर गेली आणि ईमेल आला तर बुकिंग उघडा. तसं झालं नाही तर आधी वेबहुकचा पत्ता तपासा.